ब्राउझरमधील ग्राफिक्स ॲक्सिलरेशन चालू ठेवावे की बंद करावे?

मोडीवाचक (रामबाग, इंदूर)

सर्वांस नमस्कार. प्रश्न थोडा लांबणार आहे, कारण अर्धवट माहिती दिली की उत्तरेही अर्धवट येतात, हा अनुभव मी पूर्वी घेतला आहे.

माझा लॅपटॉप २०१५ सालचा आहे. इंटेलचा पाचव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, विंडोज १०, आणि पडदा १३६६×७६८ चा. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. प्रोसेसरमध्येच जे काही ग्राफिक्स असते तेवढेच. मी दिवसाचे चार-पाच तास होळकरकालीन मोडी कागदांच्या स्कॅन केलेल्या प्रतिमा क्रोममध्ये उघडते, त्या चौपट-पाचपट मोठ्या करते आणि शेजारच्या खिडकीत त्यांचे देवनागरी लिप्यंतर टंकित करते. रात्री जेवणानंतर यूट्यूबवर एखादे व्याख्यान किंवा गाण्याची मैफल ऐकते. याखेरीज या यंत्राकडून माझी काही अपेक्षा नाही.

गेल्या दिवाळीत लॅपटॉप फार मंदावला म्हणून जेल रोडवरच्या एका दुकानातून त्यात एसएसडी बसवून घेतली आणि विंडोजही नव्याने टाकून घेतले. वेग वाढला, पण तेव्हापासून एक नवीच व्याधी जडली. प्रतिमा मोठी करून इकडून तिकडे सरकवली की मधूनच काळे चौकोन उमटतात, क्षणभर तसेच राहतात आणि मग त्याखालचा मजकूर दिसू लागतो. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद तसाही फारसा नसतो, शब्द कोठे तुटतो हेही अंदाजानेच ठरवावे लागते. त्यात नेमक्या अडलेल्या अक्षरावर काळा चौकोन येऊन बसला की हातातला धागा सुटतो.

माझ्या भाच्याने फोनवरून सांगितले, ‘मावशी, सेटिंग्जमध्ये जाऊन ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद कर.’ तसे केले आणि काळे चौकोन खरोखरच गेले. परंतु त्या रात्रीपासून व्याख्यान पाहताना चित्र अडखळू लागले, पंखा घोंघावू लागला आणि लॅपटॉप मांडीवर ठेवता येईना. पुन्हा चालू केले, तर दुसऱ्या दिवशी चौकोन हजर. आता मी सकाळी बंद आणि रात्री चालू असा पाळणा हलवीत बसले आहे. दुकानदाराला विचारले, तर ‘नया ले लो, मॅडम’ एवढेच उत्तर मिळाले.

हे ॲक्सिलरेशन नेमके करते तरी काय, आणि माझ्यासारखीने ते चालू ठेवावे की बंद? आणखी एक शंका: ते बंद केल्यावर देवनागरी अक्षरे किंचित वेगळी दिसतात असा मला भास होतो. जोडाक्षरांच्या घडणीवर त्याचा काही परिणाम होतो का?

सराफ्यातला निशाचर (इंदूर)

ताई, माझे मत स्पष्ट आहे: बंद ठेवावे आणि विसरून जावे. आमच्या पेढीवर पाच संगणक आहेत. त्यांपैकी दोहोंवर हिशेबाची पाने उघडली की खालचा अर्धा पडदा लुकलुकत असे. तीन वर्षांपूर्वी मी पाचही यंत्रांवर ही सोय बंद केली आणि त्यानंतर एकाही कारकुनाने ब्राउझरबद्दल तक्रार केलेली नाही. तक्ते, पावत्या, ईमेल या कामांत चालू-बंदचा फरक मला तरी कधी जाणवला नाही. आजचे प्रोसेसर पुरेसे दमदार आहेत, तेव्हा मध्ये आणखी एक बिघडणारी वस्तू कशाला ठेवायची? व्हिडिओचे म्हणाल तर तो मोबाइलवर पाहावा.

जुना सोल्डर (सुदामा नगर, इंदूर)

मोडीवाचकताई, आपण लक्षणे इतकी नीट लिहिली आहेत की निम्मे निदान त्यातच झाले आहे. निशाचर यांचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. तक्ते आणि पावत्यांसाठी त्यांचा निर्णय चालून जातो. तो आपल्या कामाला का लागू पडत नाही, ते थोडे मुळापासून सांगतो.

ब्राउझर पान दाखवतो तेव्हा तीन वेगवेगळी कामे होतात. पहिले, पानाचा मजकूर वाचून कोणती गोष्ट कोठे बसवायची हे ठरवणे. दुसरे, ठरलेल्या जागी अक्षरे, रेघा, चित्रे प्रत्यक्ष रंगवणे आणि त्यांचे थर एकावर एक ठेवून पडद्यावरचे अंतिम चित्र तयार करणे. तिसरे, व्हिडिओ असेल तर त्याची आवळून बांधलेली गाठोडी सोडवून एकेक चित्र बाहेर काढणे. पहिले काम विचाराचे आहे आणि ते नेहमी मुख्य प्रोसेसर, म्हणजे सीपीयूच करतो. दुसरे आणि तिसरे काम ओझ्याचे आहे, आणि ते ग्राफिक्सच्या भागाकडे, म्हणजे जीपीयूकडे सोपवता येते. या सोपवण्यालाच ॲक्सिलरेशन म्हणतात.

आपल्याच क्षेत्रातली उपमा देतो. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदाच्या या काठापासून त्या काठापर्यंत शिरोरेघा ओढून घेई आणि मग त्यांना अक्षरे लटकवीत जाई. समजा दफ्तरात एक विद्वान फडणीस आहे आणि शंभर पोरे आहेत, ज्यांना केवळ रेघा ओढता येतात. हजार कागदांवर शिरोरेघा ओढायच्या असतील तर ते काम पोरांना द्यावे. फडणिसाला दिले तर रेघाही उशिरा होतील आणि त्याचे खरे लिखाणही पडून राहील. मात्र पत्राचा मजकूर जुळवायचा असेल तर शंभर पोरांचा काडीचा उपयोग नाही. सीपीयू हा फडणीस आणि जीपीयू ही पोरे.

रेघा किती ओढाव्या लागतात याचाही हिशेब पाहा. आपल्या १३६६×७६८ च्या पडद्यावर १०,४९,०८८ ठिपके आहेत. पान सरकताना गुळगुळीत दिसायचे असेल तर सेकंदाला साठ वेळा पूर्ण चित्र हाती यावे लागते, म्हणजे सेकंदाला सव्वासहा कोटींहून अधिक ठिपके, आणि प्रत्येक चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंदांची मुदत. पावत्यांचे पान बहुतेक वेळ स्थिर असते, त्यामुळे निशाचर यांच्या कारकुनांना ही मुदत चुकल्याचे कळतच नाही. आपण मात्र प्रतिमा सतत मोठी करता, सरकवता, परत लहान करता. तेथे ती चुकली की डोळ्याला खटकते.

ही कल्पना काही नवी नाही. मार्च २०११ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ९ आणि फायरफॉक्स ४ हे दोन्ही आठवड्याभराच्या अंतराने आले, आणि विंडोजवर पान रंगवण्याचे काम जीपीयूकडे देणे हे दोघांचेही मोठे वैशिष्ट्य होते. मे २०१९ मधील फायरफॉक्स ६७ पासून त्यांनी वेबरेंडर नावाची नवी यंत्रणा आणली, जी पान रंगवताना बरीचशी खेळांच्या सॉफ्टवेअरसारखी वागते. म्हणजे आता ब्राउझर जीपीयू हाताशी आहे असे गृहीत धरूनच घडवले जातात. जीपीयूविना चालण्याची सोय त्यांत असते, पण ती अडीअडचणीची सोय आहे, घराच्या मागच्या दारासारखी.

आता आपल्या काळ्या चौकोनांकडे येतो. क्रोम मोठे पान किंवा मोठी प्रतिमा एकसंध रंगवत नाही; तिचे चौकोनी तुकडे पाडून एकेक तुकडा रंगवतो आणि मग ते जोडून दाखवतो. तुकडा वेळेवर तयार नसेल तर साधारणपणे तेथे क्षणभर पांढरा किंवा पार्श्वभूमीचा रंग दिसतो. तो काळाच दिसत असेल आणि ॲक्सिलरेशन बंद करताच नाहीसा होत असेल, तर माझा पहिला संशय ड्रायव्हरवर जातो. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि जीपीयू यांच्यामधला दुभाषी. दुभाषी अर्धवट शिकलेला असला की दोन्ही बाजूंची माणसे शहाणी असूनही घोटाळा होतो. आपली व्याधी विंडोज नव्याने टाकल्यावर सुरू झाली, हा या प्रकरणातला सर्वांत मोलाचा पुरावा आहे. दुकानांतून पुष्कळदा एकाच पेनड्राइव्हवरचा ड्रायव्हरांचा जुना संच येणाऱ्या प्रत्येक यंत्राला चिकटवला जातो. मीही बारा वर्षे हाच धंदा केला आहे, तेव्हा हे कबुलीजबाबासारखे समजावे.

तेव्हा आधी तीन गोष्टी तपासाव्यात. क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत क्रोम, त्यापुढे कोलन, दोन तिरप्या रेघा आणि जीपीयू असे लिहून एंटर दाबावे. जे पान उघडेल त्याच्या वरच्या भागात कॅनव्हास, कंपोझिटिंग (थर एकावर एक ठेवणे), रास्टरायझेशन (ठिपके रंगवणे), व्हिडिओ डीकोड (व्हिडिओची गाठोडी सोडवणे) अशी नावे आणि पुढे स्थिती दिसेल. ‘हार्डवेअर ॲक्सिलरेटेड’ असे असेल तर काम जीपीयूकडे जात आहे. ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ असे असेल तर बटण चालू असले तरी काम फडणिसाच्याच गळ्यात आहे. हे होऊ शकते, कारण त्या बटणाच्या इंग्रजी नावातच ‘उपलब्ध असेल तेव्हा’ ही अट आहे. क्रोम आणि फायरफॉक्स दोघेही सदोष ठरलेल्या ड्रायव्हरांच्या याद्या बाळगतात आणि यादीतला ड्रायव्हर दिसला की गुपचूप सॉफ्टवेअरवर उतरतात. जीपीयूचे काम क्रोम एका स्वतंत्र प्रक्रियेत चालवतो. ती वारंवार कोसळली तरीही तो हेच करतो. बटण म्हणजे केवळ परवानगी आहे, हे लक्षात ठेवावे.

दुसरे, विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले ॲडॉप्टर्स’ उघडून इंटेलच्या नावावर उजवी टिचकी द्यावी, ‘प्रॉपर्टीज’ आणि त्यातले ‘ड्रायव्हर’ हे पान उघडावे आणि तेथली तारीख येथे कळवावी.

तिसरे, यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना चित्रावर उजवी टिचकी देऊन यादीतील शेवटचे ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ निवडावे. जी काळसर चौकट येईल तीत कोडेक नावाची एक ओळ असते. तिची सुरुवात एव्हीसी१, व्हीपी०९ की एव्ही०१ अशी आहे, ते पाहावे. याचे कारण असे की व्हिडिओची गाठोडी सोडवण्यासाठी जीपीयूत वेगळे कायमचे विद्युतमंडल असते आणि ते ज्या पद्धतीसाठी घडवले त्याच पद्धतीची गाठ सोडवते. एच.२६४, म्हणजे त्या चौकटीतले एव्हीसी१, आपल्या पाचव्या पिढीला उत्तम जमते. व्हीपी९ साठी पूर्ण सोय इंटेलने सातव्या पिढीत दिली आणि एव्ही१ साठी २०२० मधल्या अकराव्या पिढीत. यूट्यूब आपणहून नव्या पद्धतीच देऊ पाहते, कारण त्यांत डेटा कमी लागतो. ती बचत होते त्यांची, आणि तापतो आपला लॅपटॉप.

जोडाक्षरांबद्दल निश्चिंत असावे. क्ष, ज्ञ, र्‍या यांची घडण, वेलांटी व्यंजनाच्या आधी नेऊन ठेवणे, रफार डोक्यावर चढवणे, हे सारे क्रोम आणि फायरफॉक्स दोहोंतही हार्फबझ नावाचे सॉफ्टवेअर ठरवते, आणि ते काम सीपीयूचेच आहे. बटणाने घडण बदलत नाही. बदलू शकते ती अक्षरांच्या कडांची छटा: एखादा मजकूर वेगळ्या थरावर रंगवला गेला की त्याच्या कडांना दिलेली रंगीत झिलई जाऊन ती केवळ करडी उरते, आणि अनुस्वार, नुक्ता, उकाराची शेपटी अशा बारीक जागी ती डोळ्यांत भरते. आपला भास हा भास नसावा.

हार्मोनियमवाला (दांडिया बाजार, वडोदरा)

वरील उत्तर वाचून मीही आपला संगणक तपासला आणि जे सापडले ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी आठवड्यातून चार संध्याकाळी मुलांना गूगल मीटवर हार्मोनियम शिकवतो. घर दांडिया बाजारात, रस्त्याला लागून, म्हणून खिडक्या बंद करून बसावे लागते. वर्ग सुरू होऊन दहा मिनिटे झाली की संगणकाचा पंखा असा काही लागतो की त्याचा सूर माझ्या तानपुऱ्याच्या सुरापेक्षा थोडा चढा बसतो आणि मुले त्यालाच षड्ज समजून लावू लागतात. एका मुलीने तर मला सांगितले, ‘सर, तुमचा तानपुरा उतरला आहे.’

मी सर्वत्र वाचून ॲक्सिलरेशन चालू केले होते, एकदा बंद केले, पुन्हा चालू केले. काडीचाही फरक पडला नाही. आज त्या जीपीयूच्या पानावर पाहिले तर जवळपास प्रत्येक ओळीपुढे ‘सॉफ्टवेअर ओन्ली’. डिव्हाइस मॅनेजरमध्ये इंटेलचे नावच नाही! तेथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर’ असे लिहिले आहे आणि ड्रायव्हरची तारीख २१ जून २००६ अशी दिसते. माझा संगणक २०१८ सालचा. तो विकत घेण्यापूर्वी बारा वर्षे त्याचा ड्रायव्हर जन्मला, हे कसे?

जुना सोल्डर (सुदामा नगर, इंदूर)

हार्मोनियमवाले, आपल्या यंत्रात जीपीयूचा ड्रायव्हर बसवलेलाच नाही. विंडोजला खरा ड्रायव्हर सापडला नाही की ते कामचलाऊ बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर उभा करते, जो पडद्यावर चित्र दाखवण्यापलीकडे काही करत नाही. अशा वेळी ब्राउझरमधले बटण दाबणे म्हणजे तारच जोडलेली नाही अशा खोलीत दिव्याचे बटण खालीवर करणे होय.

त्या तारखेची गंमत आहे. विंडोजबरोबर येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ड्रायव्हरांवर २१ जून २००६ हीच तारीख मुद्दाम टाकलेली असते, मग तो ड्रायव्हर कालपरवा लिहिलेला का असेना. दोन ड्रायव्हर तितकेच योग्य असले तर विंडोज तारीख पाहून निवड करते. स्वतःची तारीख जुनी ठेवली की उत्पादकाच्या ड्रायव्हराला आपोआप अग्रक्रम मिळतो. पाहुण्याला आधी वाढून आपण पंगतीच्या शेवटी बसावे, तसाच हा रिवाज आहे.

आपल्या संगणकाच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक टाकून ग्राफिक्स ड्रायव्हर उतरवून घ्यावा. ‘सर्व ड्रायव्हर एका टिचकीत’ असे सांगणाऱ्या पानांकडे ढुंकूनही पाहू नये. आणि मीटमध्ये पाठीमागची भिंत अस्पष्ट करण्याची सोय वापरत असाल तर ती तूर्त बंद ठेवावी. प्रत्येक चित्रात आपली आकृती कोरून काढण्याचे ते काम जीपीयू नसताना फारच जड जाते.

मोडीवाचक (रामबाग, इंदूर)

सांगितल्याप्रमाणे तपासले. जीपीयूच्या पानावर कंपोझिटिंग आणि रास्टरायझेशन यांपुढे ‘हार्डवेअर ॲक्सिलरेटेड’ आहे. ड्रायव्हरची तारीख मात्र २०१५ च्या आरंभीची निघाली, म्हणजे लॅपटॉपचे वय तेच ड्रायव्हरचेही. यूट्यूबच्या चौकटीत व्हीपी०९.

यापुढचे वाचून आपण हसाल. पूर्वी मी बटण बंद करून चालू केले, तेव्हा त्याशेजारी ‘रीलाँच’ असा शब्द येत होता आणि मी तो दाबतच नव्हते. दिवसभर क्रोम उघडेच असे आणि रात्री लॅपटॉप मिटून ठेवला जाई. म्हणजे ‘दुसऱ्या दिवशी चौकोन हजर’ असे जे मी लिहिले, ते क्रोम नव्याने उघडल्यावर बदल लागू झाल्यामुळे होते. कोणत्या दिवशी कोणती स्थिती होती, हे आता मलाच सांगता येणार नाही. दप्तरात तारीख न घातलेल्या कागदासारखी माझीच नोंद निघाली.

काल दुपारी विंडोज अपडेटच्या ऐच्छिक अपडेट्समध्ये इंटेलच्या नावाचा एक ड्रायव्हर दिसला, तो बसवला आणि यंत्र पुन्हा सुरू केले. आता तारीख काही वर्षे पुढची दाखवते. काल संध्याकाळपासून आज दुपारपर्यंत, ॲक्सिलरेशन चालू ठेवून, सुमारे तीस कागद पाहिले आणि एकही काळा चौकोन आला नाही.

दोन गोष्टी उरल्या. मोठी प्रतिमा पहिल्यांदा उघडताना अजूनही दोन-तीन सेकंद थांबावे लागते, आणि बारा-पंधरा टॅब झाले की सगळेच जड होते. शिवाय विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘हार्डवेअर ॲक्सिलरेटेड जीपीयू शेड्यूलिंग’ असेही काही असते असे भाचा म्हणतो, पण माझ्याकडे ते दिसत नाही. ते हवे का?

जुना सोल्डर (सुदामा नगर, इंदूर)

शेवटच्यापासून सुरुवात करतो. ते शेड्यूलिंग निराळे प्रकरण आहे. विंडोज १० च्या मे २०२० मधील आवृत्तीत ते आले. जीपीयूची स्मृती आणि त्याच्याकडे आलेल्या कामांची रांग कोणी सांभाळायची, एवढ्यापुरता त्याचा संबंध आहे. आपल्या काळातल्या ग्राफिक्सला ते चालत नाही, म्हणूनच दिसत नाही. नावात साम्य असल्याने अनेकांची गफलत होते. त्यामागे लागू नये.

प्रतिमा उघडतानाच्या विलंबाला ॲक्सिलरेशनचा इलाज नाही. जेपीईजी उलगडण्याचे काम संगणकावरचे ब्राउझर साधारणतः सीपीयूकडूनच करवून घेतात. जीपीयूचा वाटा त्यानंतर, ती सरकवताना आणि मोठी करताना सुरू होतो. ६०००×८००० ठिपक्यांचा एक स्कॅन घ्या. फाइल म्हणून तो पाच-सहा एमबीचा असेल, पण उलगडल्यावर ४ कोटी ८० लाख ठिपके, प्रत्येकी चार बाइट, म्हणजे १९ कोटी २० लाख बाइट स्मृतीत पसरतात. घडी केलेले नऊवारी लुगडे पेटीत बोटभर जागा घेते, पण वाळत घालायला अख्खी गच्ची लागते. आणि आपल्या यंत्रात जीपीयूला स्वतःची वेगळी स्मृती नाही. त्या ८ जीबीतूनच तो आपला वाटा उचलतो. डोळ्याआड असलेल्या टॅबमधला उलगडलेला मजकूर ब्राउझर टाकून देतो हे खरे, पण परत तेथे गेलात की पुन्हा उलगडणे आलेच. तेव्हा एका वेळी चार-पाच कागद उघडे ठेवावेत.

व्हिडिओसाठी एच२६४इफाय नावाचे छोटे एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायची पुरवणी, आहे. ते यूट्यूबला सांगते की या ब्राउझरला केवळ एच.२६४ समजते. त्या पद्धतीत यूट्यूबवर १०८० पर्यंतचीच स्पष्टता मिळते, पण आपला पडदा ७६८ ओळींचा असल्याने आपले काहीच बुडत नाही. बसवल्यावर टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ मध्ये जीपीयू निवडून ‘व्हिडिओ डीकोड’ चा आलेख पाहावा. व्हिडिओ चालू असताना तो वर उठला पाहिजे.

एवढे करूनही एखाद्या दिवशी चौकोन परतले, तर बटणाला हात लावण्यापूर्वी तोच कागद फायरफॉक्समध्ये उघडून पाहावा. तेथेही तेच दिसले तर ड्रायव्हर दोषी. केवळ क्रोममध्ये दिसले तर क्रोमच्या पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी आणि तोवर बटण बंद ठेवावे. निदानासाठी बंद करणे योग्यच आहे. माझी तक्रार निदान झाल्यावरही पट्टी तशीच बांधून ठेवण्याबद्दल आहे.

सराफ्यातला निशाचर (इंदूर)

मी आज दुपारी पेढीवर ते जीपीयूचे पान पाचही यंत्रांवर उघडून पाहिले. ज्या दोहोंवर पडदा लुकलुकत असे, त्या दोहोंचा ड्रायव्हर एकाच जुन्या तारखेचा आहे आणि दोन्ही यंत्रे एकाच माणसाने, एकाच दिवशी बसवली होती. उरलेल्या तीन यंत्रांवर मी ही सोय विनाकारणच बंद केली होती, हे मान्य करतो. त्या तिन्हींवर चालू केली आहे. लुकलुकणाऱ्या दोघांवर मात्र मार्चअखेरीचे काम संपेपर्यंत मी काही बदलणार नाही. चालत्या गाड्याला खीळ घालण्याची ही वेळ नव्हे. आणि व्हिडिओ मोबाइलवर पाहावा, हे माझे मत कायम आहे.

हार्मोनियमवाला (दांडिया बाजार, वडोदरा)

ड्रायव्हर बसवला. पडद्याची स्पष्टता आपोआप वाढली, अक्षरे लहान झाली, ती मी पुन्हा मोठी करून घेतली. ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ जाऊन बहुतेक ओळींपुढे हिरव्या अक्षरांत ‘हार्डवेअर ॲक्सिलरेटेड’ आले आहे. काल पाऊण तासाचा वर्ग झाला आणि पंखा शेवटच्या पाच मिनिटांत जेमतेम लागला, तोही मंद्रात.

मोडीवाचक (रामबाग, इंदूर)

एक्स्टेंशन बसवले. चौकटीत आता एव्हीसी१ दिसते आणि ‘व्हिडिओ डीकोड’ चा आलेख, जो आजवर जमिनीला चिकटलेला होता, व्याख्यान चालू असताना थोडा वर उठून तेथेच स्थिर राहतो. सीपीयूचा आकडा सत्तरच्या वर असे, तो वीस-पंचवीसच्या घरात आला. तासाभराने लॅपटॉपच्या खाली हात लावून पाहिला, कोमट होता.

चौकोन चार दिवसांत एकदाच दिसला. एकाच वेळी नऊ कागद उघडे होते, तेव्हा दोष माझाच धरते. पाच मिटवले आणि तोच कागद पुन्हा मोठा केला, तर आठ दिवस अडलेला एक शब्द लागला: मी ‘खरच’ वाचत होते, तो ‘खर्च’ निघाला, वरची रेफाची बारीक टोकदार खूण मला आजवर डाग वाटत होती.

जुना सोल्डर यांचे आभार. भाच्यालाही कळवले आहे. त्याचे म्हणणे असे की बंद करून पाहा असे त्यानेच प्रथम सुचवले, म्हणून निम्मे श्रेय त्याला द्यावे. दिले.